पुणे ते सावंतवाडी, सह्याद्री वर-खाली करत सायकलने: आठ दिवसांचा आराखडा तपासून हवा आहे

पायडल_पंत

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं जण पुण्याहून निघून सह्याद्रीचे घाट वर-खाली करत सावंतवाडीला पोचायचा बेत आहे. सोबत गाडी नाही, सामान सायकलवरच. मुक्काम लॉजवर किंवा घरगुती सोयीत, तंबू नेणार नाही. नकाशावर मोजून केलेला आराखडा असा:

दिवस १: पुणे – ताम्हिणी – माणगाव – महाड, १३५ किमी
दिवस २: महाड – आंबेनळी घाट – महाबळेश्वर, ६० किमी
दिवस ३: महाबळेश्वर – केळघर – सातारा – पाटण, १२० किमी
दिवस ४: पाटण – कुंभार्ली घाट – चिपळूण – देवरुख, १२० किमी
दिवस ५: देवरुख – आंबा घाट – कोल्हापूर, १०५ किमी
दिवस ६: कोल्हापूर – गगनबावडा – कणकवली, ११० किमी
दिवस ७: कणकवली – सावंतवाडी – आंबोली, ८५ किमी
दिवस ८: आंबोलीहून उतरून सावंतवाडी, तिथून रेल्वेने परत

सायकली दोन. एक हायब्रिड: पुढे ४८-३८-२८ दातांची चाकं, मागे आठ चाकांची ११-३२ कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच), ३५ मिमी टायर, व्ही-ब्रेक, मागे कॅरिअर, सामान १० किलो. दुसरी रोड सायकल: पुढे ५०-३४, मागे ११-२८, २८ मिमी टायर, कॅलिपर ब्रेक, सीटखालची लांब बॅग, सामान ५ किलो. सपाटीवर दोघांनाही दिवसाला १२० किमीची सवय आहे.

आराखडा जमण्यासारखा आहे का? गियर पुरतील का? सुटे भाग काय न्यावेत? आणि सावंतवाडीहून सायकली परत कशा आणाव्यात?

---

घाटमाथ्यावरचा

आराखडा किलोमीटरवर बेतला आहे, गडबड तिथेच आहे. तुमचा ६० किमीचा दुसरा दिवस पहिल्या १३५ किमीपेक्षा जड जाईल, आणि सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत पाय शिल्लकच राहणार नाहीत.

सह्याद्रीचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. देशाकडची बाजू साडेपाचशे-सहाशे मीटरवरून हळूहळू माथ्याकडे येते. कोकणाकडे मात्र कडा एकदम तुटतो आणि पायथा जेमतेम पन्नास-शंभर मीटरवर असतो. म्हणजे देशावरून घाट उतरणं स्वस्त आणि कोकणातून चढणं महाग. तुमच्या मार्गात कोकणातून वर येणारे तीन चढ आहेत: आंबेनळी, आंबा आणि आंबोली. सगळा बेत या तीन चढांभोवती बांधायचा, बाकीचे दिवस त्यांच्यामध्ये बसवायचे.

दुसरी गोष्ट नकाशावर दिसत नाही. हे तिन्ही घाट कड्याच्या पश्चिम अंगाला आहेत. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो, त्यामुळे डिसेंबरात साडेनऊ-दहापर्यंत चढाचा बराच भाग सावलीत मिळतो. दुपारी एकनंतर तोच कातळ समोरच्या उन्हाने तापतो, वारा कड्याला अडतो आणि कोकणातला दमटपणा असतोच. एकाच घाटाला सकाळी साताला लागणं आणि अकराला लागणं यांत माणशी दीड-दोन लिटर पाण्याचा फरक पडतो. म्हणून नियम एकच: घाट दुपारी उतरायचा, झोपायचं पायथ्याला, आणि उजाडताच चढायला लागायचं.

हा नियम तुमच्या आराखड्याला लावून बघा. महाडला झोपलात तर सकाळचे १८-२० किमी महामार्गावर घालवून पोलादपूरला पोचेपर्यंत साडेआठ होतात. मुक्काम पोलादपूरलाच करा. देवरुखचंही तेच: साखरपा, म्हणजे आंबा घाटाचा पायथा, तिथून आणखी वीसेक किलोमीटर, आणि तेही चढ-उताराचे. साखरप्यात राहण्याची सोय मोजकी आहे, त्यामुळे आधी फोन करून पक्की करा. नाही मिळाली तर देवरुखहून पहाटे दिवे लावून निघायचं.

वेळेचा हिशेब: सामानासकट मध्यम दमाचा माणूस तासाला ३५० ते ४०० मीटर उंची चढतो. चढाच्या दिवशी किलोमीटर विसरा, उंचीला या आकड्याने भागा. महाबळेश्वर १,३५३ मीटरवर, पोलादपूर शंभराच्याही खाली. मधले छोटे उतार धरून चढ सुमारे १,४०० मीटर. म्हणजे चार तास निव्वळ पायडल आणि थांबे धरून साडेपाच-सहा तास, तेही फक्त ४० किमीला. पावणेसातला निघालात तर जेवायला महाबळेश्वरात.

‘कोकण सपाट’ हा गैरसमजही काढून टाका. चिपळूणपासून संगमेश्वर-देवरुखपर्यंतचा रस्ता एका नदीच्या खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उड्या मारत जातो. प्रत्येक उडी ऐंशी-शंभर मीटरची, पण साठेक किलोमीटरमध्ये त्या भरपूर होतात. तुमच्या चौथ्या दिवशी कुंभार्लीचा मोठा उतार असूनही संध्याकाळी पाय जड असतील, आणि दुसऱ्या दिवशी आंबा घाट.

आता आराखडा. आठ दिवसांत सावंतवाडीचा हट्ट सोडा, कोल्हापूरला संपवा:

पहिला दिवस पुणे–माणगाव, सुमारे १०५ किमी. पिरंगुटचा चढ आणि मुळशी जलाशयाकाठची वर-खाली धरून चढ हजारेक मीटर होतो, ताम्हिणीचा उतार दुपारी. दुसरा दिवस मुद्दाम छोटा: माणगाव–पोलादपूर, ५० किमीच्या आत. दुपारी सायकली उलट्या करून ब्रेक, बोल्ट, टायर तपासा. पहिल्या मोठ्या उतारानंतर जे ढिलं व्हायचं ते तोवर झालेलं असतं. तिसरा दिवस आंबेनळी. चौथा महाबळेश्वर–सातारा. पाचवा सातारा–उंब्रज–पाटण–कोयनानगर, ८०-८५ किमी. सहावा कुंभार्ली उतरून चिपळूण, पुढे देवरुख किंवा साखरपा. सातवा आंबा घाट चढून मलकापूर, दम असेल तर थेट कोल्हापूर. आठवा दिवस राखीव. डोंगरात राखीव दिवस नसलेला बेत पहिल्या तुटलेल्या आरीला कोसळतो.

गगनबावडा, कणकवली, आंबोली ही वेगळी चार दिवसांची सहल आहे. ती कोल्हापूरहूनच सुरू होते.

एक तांत्रिक टीप: मार्ग आखणाऱ्या अॅपमधला ‘एकूण चढ’ घाटात फुगलेला दिसतो. उंचीचा डेटा जाळीदार असतो. रस्ता कड्याला चिकटून असला की त्याचे काही बिंदू कड्याच्या वर आणि काही दरीत पडतात, आणि सरळ उताराच्या आलेखावर खोटे दातरे उमटतात. ताम्हिणी उतरताना अॅपने तीनशे मीटर चढ दाखवला तर घाबरू नका. पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक हाताने काढा, त्यात दहा टक्के मिळवा.

---

पाना_पकड

मार्गाबद्दल वरचं पटलं. मी सायकलीपुरतं लिहितो.

गियर. हायब्रिड ठीक आहे, रोड सायकल ठीक नाही. सात टक्के चढ आणि मिनिटाला पायडलचे ६० फेरे धरू. त्याखाली पाय गेले की गुडघे बोलायला लागतात. हायब्रिडवर माणूस, सायकल, सामान मिळून ९४ किलो धरले तर २८ × ३२ या गियरला वेग ताशी पावणेसात किमी पडतो आणि १४० वॉटच्या आत भागतं. हे तासन्तास जमतं. रोड सायकलवर एकूण ८८ किलो धरले तरी ३४ × २८ ला वेग सव्वानऊच्या खाली आणता येत नाही आणि त्याला पावणेदोनशे वॉट लागतात. चार तास हे झेपणारी माणसं हा प्रश्न इथे विचारत नाहीत. मग होतं असं की फेरे ४० वर येतात, माणूस उभा राहून दाबतो, आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं.

उपाय: मागे ११-३४ कॅसेट. तेवढ्याच फेऱ्यांना १४५ वॉट. पण नुसती कॅसेट बदलून भागत नाही. रोड सायकलच्या आखूड केजच्या डिरेलरखाली (डिरेलर म्हणजे साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, केज म्हणजे त्याची पुल्या धरणारी दांडी) ३४ दातांचं चाक मावत नाही, त्याची वरची पुली चाकाला घासते. मध्यम केजचा डिरेलर आणि नवी, लांब साखळी एकदमच घ्या. लांबी तपासायची रीत: साखळी पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चाकावर घातल्यावर डिरेलर पूर्ण ताणला न जाता थोडा वाकलेला राहिला पाहिजे. साखळी आखूड राहिली आणि चुकून तो गियर पडला तर डिरेलर मुळासकट निघतो. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका, तीन आठवडे आधी करा. नवी केबल पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये सैल होते आणि गियर पुन्हा जुळवावे लागतात.

चढावर गियर वळणाच्या आधी पाडा. डाव्या बाजूने चालवताना डावं तीव्र वळण आलं की तुम्ही वळणाच्या आतल्या कडेला असता, आणि तिथला चढ रस्त्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी खडा असतो. ऐन चढात, पूर्ण जोर देऊन गियर टाकला की साखळी मागच्या मोठ्या चाकावरून आऱ्यांत पडते. डिरेलरला आत किती जाऊ द्यायचं ते ठरवणारा लो स्क्रू आधी तपासून ठेवा.

ब्रेक. दोन्ही सायकलींना रिमचे ब्रेक आहेत, चालेल. पॅडवरच्या खाचा निम्म्याहून कमी उरल्या असतील तर बदलूनच निघा आणि प्रत्येकी एक जोडी सोबत ठेवा. पॅडमध्ये अॅल्युमिनियमचे चकाकते कण रुतलेले असतात, ते टोकदार वस्तूने काढा, नाहीतर रिम खरवडली जाते. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या कडेवर बोट फिरवा. ती आत खोल वाटी झालेली लागली तर ते चाक घाटात नेऊ नका.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. सरळ भागात सायकल सुटू द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडा, वळणात सोडा. सतत घासत राहिलं की रिम तापते, ट्यूबमधली हवा प्रसरण पावते, जुने पॅच सुटतात. म्हणून पॅच मारलेली ट्यूब राखीव ठेवा, चाकात नवी घाला. खालच्या टप्प्यात लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला तर थांबा आणि बॅरल अॅडजस्टर फिरवून केबल ताणून घ्या. हाताची बोटं बधिर झाली असतील तरी थांबा. बोटांनाही विश्रांती लागते.

टायर आणि हवा. ३५ मिमीला मागे ५५-६०, पुढे ४५-५० पीएसआय. २८ मिमीला मागे ८०, पुढे ७०. शंभर भरून टणक करू नका, खड्ड्यांच्या घाटात ते सुसाट जात नाही, नुसतं उडतं. रोड सायकलच्या फ्रेममध्ये ३० किंवा ३२ बसत असेल तर तेच घाला.

सोबत न्यायचं: प्रत्येकी दोन ट्यूब, पॅच किट, टायर लिव्हर, पंप. पंप दोन, कारण एक पंप नेमका हवा तेव्हा बिघडतो. टायरची कड फाटली तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. चेन तोडायचं टूल आणि आपापल्या साखळीच्या मापाचे दोन-दोन क्विक लिंक (साखळी जोडायच्या कड्या). प्रत्येक सायकलचा आपापला डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा; हा भाग मॉडेलगणिक वेगळा असतो, चिपळूण-कोल्हापुरात मिळेल या भरवशावर राहू नका. मागच्या चाकाच्या कॅसेटकडच्या बाजूच्या मापाच्या तीन आऱ्या, फ्रेमला टेपने चिकटवून. तुटतात त्या बहुतेक त्याच बाजूच्या, आणि त्या बदलायला कॅसेट काढावी लागते, म्हणून कॅसेटचं लॉकरिंग टूल. मोठा पाना कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो, टूल मिळत नाही. एक गियर केबल, एक ब्रेक केबल. कॅरिअरचे दोन जादा एम५ बोल्ट आणि दहा-बारा प्लास्टिक पट्ट्या. कॅरिअरच्या बोल्टना थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा डिंक) लावा आणि तरीही रोज संध्याकाळी पिळून बघा. खालचा बोल्ट गळून पडला की कॅरिअर सरकतं आणि थेट डिरेलरवर बसतं.

लहान गावांतल्या सायकल दुकानांत साध्या सायकलींच्या ट्यूब मिळतात, ७०० × २८ सहसा नाही. रोड सायकलला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) वॉल्व असेल तर पितळी अॅडॅप्टर ठेवा, म्हणजे मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. मात्र त्याला ‘फुल’ म्हणू नका, आकडा सांगा आणि गेजकडे बघत उभे राहा.

---

सड्यावरची_वाट

बरंच आलंय, राहिलेलं भरतो. एका मुद्द्यावर मतभेदही नोंदवतो.

निघायचा वार बघा. ताम्हिणी शनिवार-रविवारी गाड्यांनी भरलेली असते आणि वळणांवर सेल्फीवाले रस्त्यात उभे असतात. सोमवारी किंवा मंगळवारी निघा. वीकेंडलाच निघणं भाग असेल तर मी ताम्हिणीऐवजी भोर–वरंध घाट–महाड घेईन. अंतर जवळपास तेवढंच, वाहनं फार कमी, नीरा-देवघरच्या जलाशयाकडेने रस्ता सुंदर. पण भोर सोडल्यावर घाट उतरेपर्यंत दुकानं तुरळक, रस्ता अरुंद आणि जागोजागी उखडलेला. माकडांना हँडलबॅगची चेन उघडता येते, खाऊ तिच्यात ठेवू नका.

कुठलाही घाट चालू आहे असं गृहीत धरू नका. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला होता. गगनबावड्याहून कोकणात उतरणारा करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी बंद ठेवून वाहतूक भुईबावडा घाटाने वळवली होती. वरंधही पावसाळ्यात बंद ठेवतात आणि दरड हटवायचं काम पुढे रेंगाळतं. निघायच्या आठवड्यात त्या त्या जिल्ह्याच्या बातम्या बघा आणि जवळच्या एसटी आगाराला फोन करून विचारा: ‘त्या घाटातून गाडी जाते का?’ एसटी जात असेल तर सायकल जाते. एसटी बंद असली तरी सायकल निघेल असं कोणी म्हणेल. खांद्यावर घेऊन ढिगारा ओलांडायची तयारी असेल तरच ऐका.

चौथ्या दिवसासाठी केळघर घाटापेक्षा तापोळ्याचा मार्ग सुचवतो. महाबळेश्वरहून तापोळा पंचवीस-तीस किमी उतार, मग शिवसागर म्हणजे कोयनेचा जलाशय लाँचने किंवा तराफ्याने ओलांडून बामणोली, तिथून कास पठारावरून सातारा. जलाशयाची पातळी भरल्यावर साधारण ६६० मीटर आणि कास बाराशेच्या आसपास, म्हणजे दुपारी साडेपाचशे मीटर चढ अंगावर येतो. म्हणून तापोळ्यात साडेनऊच्या आत पोचा. लाँचचा दर आधी ठरवा, सायकलींसकट. दोघांसाठी अख्खी लाँच महाग पडते. आणखी प्रवासी येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. साडेअकरापर्यंत सोय झाली नाही तर तापोळ्यातच मुक्काम करा. परत महाबळेश्वर चढून केळघरने जायचं म्हटलं तर तो दिवस आणि पुढचा, दोन्ही गेले. आदल्या रात्रीच लॉजवाल्याकडून तापोळ्यातल्या बोट क्लबला फोन लावून घेतला तर हा जुगार राहत नाही. त्या खोऱ्यात मोबाइलची रेंज येते-जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या.

महाबळेश्वर सकाळी थंड असतं. घामाने ओल्या कपड्यांत उतार सुरू केला तर दहा मिनिटांत बोटं आखडतात आणि ब्रेक दाबवत नाही. वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नाही.

देशावर तेव्हा ऊसतोड चालू असते. उंब्रज–पाटण आणि मलकापूर–कोल्हापूर या पट्ट्यांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर भेटतील. त्यांना ओलांडताना दुसरी ट्रॉली विसरू नका, ती वळणावर आत झुकते. मागे दिवा नसतो, म्हणून संध्याकाळी सहानंतर त्या रस्त्यावर नको. रस्त्यावर पडलेला ऊस चिरडून चिकट झालेला असतो, त्यावर ब्रेक दाबू नका.

कुंभार्ली घाटात मालट्रक जास्त. उतरताना ट्रकच्या मागे चिकटून राहू नका: धूर, तापलेल्या ब्रेकचा वास, आणि पुढचा खड्डा दिसत नाही. एक ट्रक पुढे जाऊ द्या, दोन मिनिटं थांबा. एसटी समोरून आली तर वळण पूर्ण तिचं समजा. पायथ्याला पोफळीत चहा मिळतो, तिथे रिमला लांबूनच हात दाखवून गरम किती झाली ते बघा.

पाणी: घाटाच्या दिवशी माणशी तीन लिटर घेऊन निघा. आंबेनळीत पोलादपूर सुटल्यावर वाडा-कुंभरोशीपर्यंत, म्हणजे प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत, दुकान उघडं असेलच असं नाही. तिथे जवळपास निम्मी उंची झालेली असते. भरपेट मिसळ मात्र खाऊ नका, उरलेला चढ ती आठवण करून देत राहते. नुसतं पाणी पीत राहिलात तर मिठाची कमतरता होऊन डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. तीनपैकी एक बाटली ओआरएसची ठेवा. पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच घाला; अर्ध्या बाटलीत पुडी ओतली की पोट बिघडतं. पुडी नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाणं भूक लागण्याआधी. चढावर तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे दोन केळी आणि थोडी चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. सकाळी साडेसहाला गावातलं हॉटेल उघडत नाही. आदल्या रात्रीच लॉजवाल्याला किंवा खानावळीत सांगून पोळ्या आणि गूळ बांधून घ्या, केळी रात्रीच आणून ठेवा. हे विसरलं की उपाशीपोटी घाटाला लागायचं आणि आठशे मीटरला डोळ्यांसमोर अंधारी.

सायकलिंगच्या चड्ड्या तीन घ्या. देशावर दोन पुरतात, कोकणात रात्रभरात धुतलेली वाळत नाही, आणि ओलसर चड्डीत सहा तास बसलं की मांड्या सोलवटतात. निघताना पेट्रोलियम जेली लावा, फोड आल्यावर नाही.

---

पायडल_पंत

मनापासून आभार. सावंतवाडी रद्द, कोल्हापूरला संपवतो. ११-३४ कॅसेट आणि डिरेलरची चौकशी केली, दोन्ही मिळतंय. तापोळ्याचा मार्ग घेतो.

दोन शंका उरल्या. पोलादपूर–महाबळेश्वर चढताना निम्म्यात कोणाला झेपलं नाही तर काय करायचं? आणि कोल्हापूरहून सायकली रेल्वेने आणताना काय काळजी घ्यायची?

---

घाटमाथ्यावरचा

झेपलं नाही तर वाडा-कुंभरोशीला थांबा. तिथे राहायची सोय होते आणि राहिलेला चढ दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-अडीच तासांत संपतो. राखीव दिवस त्यासाठीच ठेवलाय. निर्णय मात्र वाड्यातच घ्या, कारण तिथून पुढे महाबळेश्वरपर्यंत जंगलाचा रस्ता आहे. खूण सोपी: वाड्यात बसून वीस मिनिटांनी नाडी शंभरच्या खाली आली नाही, किंवा घाम यायचा थांबून अंगावर काटा येत असेल, तर पुढे जायचं नाही. सावलीत आडवं व्हायचं, मानेवर ओला रुमाल, ओआरएसचे छोटे घोट. बोलणं असंबद्ध वाटलं तर मिळेल त्या गाडीने थेट महाबळेश्वरचं रुग्णालय.

दोघांनी एकाच वेगाने चढायचा अट्टाहासही नको. ज्याचा गियर जड तो पुढे जाईल, त्याने तसंच जावं आणि दर पाच किमीला थांबावं. हळू माणसाच्या चालीने चढताना त्याचे फेरे पडतात आणि गुडघा त्याचा जातो.

---

पाना_पकड

रेल्वेच्या बाबतीत कोल्हापूर निवडलंत ते बरंच झालं. सावंतवाडीला बऱ्याच गाड्या दोन-तीन मिनिटं थांबतात, तेवढ्यात सामानाच्या डब्यात सायकल चढवून घेतीलच असं नाही. कोल्हापूर हे शेवटचं स्थानक. महालक्ष्मी किंवा कोयना एक्स्प्रेस तिथूनच सुटते, गाडी आधी फलाटाला लागते आणि दोन्ही पुण्याला थांबतात.

गाडी सुटायच्या किमान दोन तास आधी पार्सल कार्यालयात जा. फॉर्म भरताना ‘लगेज’ म्हणा, म्हणजे सायकल तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीने येते. ‘पार्सल’ म्हणून बुक केली तर जागा असेल त्या गाडीने मागाहून येते आणि तुम्ही दोन दिवस पुणे स्टेशनात चकरा मारता. आरक्षित तिकीट, ओळखपत्राची झेरॉक्स आणि सायकलची किंमत सांगायची तयारी ठेवा. फ्रेमवर नाव, फोन, कुठून-कुठे हे जाड पुठ्ठ्यावर लिहून दोन ठिकाणी बांधा, मार्करने टायरवरही.

बॅगा, बाटल्या, दिवे, पंप, सायकल कॉम्प्युटर सगळं काढून डब्यात सोबत घ्या. मागचा गियर सगळ्यात मोठ्या चाकावर आणून ठेवा, त्याने डिरेलर आत सरकतो. त्यावर पुठ्ठा गुंडाळून टेप मारा. हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवा. चढवताना स्वतः उभे राहा आणि सायकल कॅसेटची बाजू वर ठेवून टेकवायला सांगा. सायकलींवर पोती पडणारच आहेत, निदान डिरेलरवर पडू नयेत.

लगेजच्या डब्यात जागाच नसेल तर खासगी बसची डिकी हा दुसरा पर्याय. त्यासाठी दोन्ही चाकं आणि पायडल काढावी लागतात, म्हणून १५ मिमीचा चपटा पाना लागेल. काही पायडलना ६ किंवा ८ मिमीचा अॅलन चालतो, घरीच बघून ठेवा. डावं पायडल उलट आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. निघायच्या आधी दोन्ही पायडल एकदा काढून आट्यांना ग्रीस लावून परत बसवा, म्हणजे रात्री दहाला बस स्टँडवर पान्यावर उभं राहायची वेळ येणार नाही.